निळा पाय आणि शेठजींची बाटली

“पाटणकर मॅडम, फिटनेस लिहून द्या. पाय कापायचाय.”

एवढं बोलून भार्गवसाहेबांनी केसपेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि ते ऑपरेशन थिएटरकडे चालायलाही लागले. भार्गवसाहेब आमचे सर्जन आणि हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंटही. मी फिजिशियन, म्हणजे औषधांची डॉक्टर. सर्जनने कापायचं ठरवलं की फिजिशियनने पेशंटचं हृदय, छाती तपासून ‘भूल द्यायला हरकत नाही’ असं लिहून द्यायचं. त्याला फिटनेस म्हणतात. खरं तर हा निव्वळ सहीचा मामला असतो. भूल देणारा तयार असतो, थिएटर तयार असतं, आणि अशा वेळी फिजिशियन विचार करायला लागली तर कुणालाच आवडत नाही.

मला पेशंट बघितल्याशिवाय सही करता येत नाही. खोड म्हणा. मिरजेला शिकले, तिथे लागली, ती सुटली नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. माझ्या नवऱ्याची केंद्र सरकारच्या ऑडिट खात्यात नोकरी. बदली झाली जयपूरला. आम्ही बनी पार्कमध्ये भाड्याने राहायला लागलो आणि जवळच्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी काम धरलं. इथली सगळी बोलणी अर्थातच हिंदीत झाली. मी ती मला आठवतात तशी मराठीत सांगते, कारण मला राग मराठीतच येतो.

थिएटरबाहेर स्ट्रेचरवर बाई होती. केसर तिचं नाव, वय चाळिशीचं. बगरूची. बगरूला लाकडी ठशांनी कापड छापणारी घरं आहेत, त्यातलं हे एक. शेजारी तिचा नवरा रामकिशन उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे. ऑपरेशनच्या कागदावर त्याचा अंगठा घेऊन झाला होता; शाईचं पॅड नसतं तरी अंगठा उमटला असता.

मी चादर वर केली. उजवा पाय घोट्याच्या बराच वरपर्यंत काळानिळा. हाताला गार आणि ओलसर. पायाच्या वरच्या बाजूला एक नाडी लागते, घोट्याच्या आतल्या बाजूला दुसरी. दोन्ही लागत नव्हत्या. केसपेपरवर भार्गवसाहेबांनी एकच शब्द लिहिला होता, गँगरीन. म्हणजे रक्त न मिळाल्याने सडलेला पाय. तो ठेवला तर विष अंगभर पसरतं आणि माणूस जातो. तेव्हा कापणं चूक नव्हतं, जर ते खरोखर गँगरीन असतं तर.

“कधीपासून दुखतोय?” मी रामकिशनला विचारलं.

“सकाळपासून, डाक्टरणीजी. कपडा वाळत घालत होती. एकदम म्हणाली पाय जड झाला. मग म्हणाली आग होते.”

“काल बरा होता?”

“काल तर ती नणंदेकडे चालत जाऊन आली.”

इथे माझं डोकं अडलं. रक्त बंद झालेला पाय आधी पांढराफटक पडतो. मग हळूहळू त्यावर डाग येतात. काळा पडायला एक-दोन दिवस तरी लागतात. सकाळी दुखायला लागलेला पाय दुपारी इतका काळा कसा होईल? पण साहेब म्हणणार, गावाकडच्या लोकांना वेळ सांगता येत नाही. ते नेहमीच असं म्हणायचे.

मी छातीला स्टेथोस्कोप लावला. हृदयाचे ठोके अगदी बेताल. झडप अरुंद झाल्याचा तो घरघरता आवाज. लहानपणी हिचा घसा वारंवार धरत असणार, सांधे सुजत असणार, आणि त्या आजाराने हृदयाची झडप खराब केलेली असणार. अशा हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरत राहतो. आत रक्त साचतं. साचलेल्या दुधावर साय धरते तशी तिथे गुठळी धरते. एक दिवस तिचा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन कुठेतरी अडकतो. मेंदूत अडकला तर लकवा. हिचा पायात अडकला होता, गुडघ्याच्या मागे.

तोवर सिस्टर अम्मिणी साबणाचं पाणी घेऊन आल्या. या आमच्या वॉर्डच्या सिस्टर, केरळच्या, कामाला वाघ. केसरच्या पायात चांदीचं जाड कडं होतं आणि थिएटरमध्ये नेण्याआधी ते काढायचं होतं. लग्नापासून ते निघालं नव्हतं. केसर रडत म्हणत होती की नका काढू. सिस्टरने साबण लावून कडं थोडं वर सरकवलं.

कड्याखाली पाय निळा नव्हता.

तिथे बोटभर रुंदीची चामडी होती, मेणासारखी पांढुरकी. वर निळा, खाली निळा, मध्ये पांढरा पट्टा. मी खाली वाकले. पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघितलं. तिथेही आत खोलवर निळं नव्हतं. वर नडगीवर निळा रंग सरळ रेषेत संपला होता आणि दोन ओघळ गुडघ्याकडे गेले होते, बांधताना पाय उंच धरला असावा तसे. गँगरीनला ओघळ येत नाहीत. आणि ते दागिना बघून थांबतही नाही.

“पायाला काय बांधलं होतं?” मी विचारलं.

“निळीचं फडकं,” रामकिशन म्हणाला. “आग होत होती ना. हौदात बुडवून बांधलं. गार वाटतं. आमच्यात भाजलं, मुरगळलं, सगळ्याला हेच बांधतात.”

“कुठे आहे ते फडकं?”

“आल्या आल्या इथल्या वॉर्डबॉयने सोडून टाकून दिलं.”

“मग हे कुणाला सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलंच नाही.”

नवऱ्याचे निळे हात सगळ्यांनी पाहिले होते. बायकोच्या पायाशी त्यांचा संबंध कुणी जोडला नव्हता. मी केसरला म्हटलं, “अंगठा हलव बघू.” तिने ओठ चावले. अंगठा जरासा हलला. म्हणजे आतले स्नायू जिवंत होते.

मी थिएटरचं दार ढकलून आत डोकं घातलं. “साहेब, मी फिटनेस देणार नाही.”

भार्गवसाहेब गाऊन घालत होते. “का? हृदय खराब आहे?”

“हृदय खराब आहेच. पण पाय मेलेला नाही. तो रंगवलेला आहे.”

ते बाहेर आले. मी कडं सरकवून दाखवलं. ते वाकून बघताना मानेपर्यंत लाल झाले. एक सांगते, भार्गवसाहेब वाईट माणूस नव्हते. हात सोन्याचा होता. फक्त त्यांना एकदा सांगितलेलं मत परत घेता येत नसे.

“रंग असो नाहीतर आणखी काही,” ते म्हणाले. “नाडी आहे का? नाही. रक्त नाही म्हणजे हा पाय उद्या मरणारच. आज गुडघ्याखाली कापला तर गुडघा वाचेल. उद्या मांडीतून कापावा लागेल.”

“गुठळी काढली तर?”

“कशाने काढू, मॅडम? बोटाने?”

त्यांचंही खरं होतं. त्या काळी पुढे फुगा असलेली एक बारीक नळी निघाली होती. ती धमनीत घालून फुगा फुगवायचा आणि गुठळी ओढून काढायची. आमच्याकडे ती नव्हती, माझ्या माहितीत जयपुरातही कुठे नव्हती. दिल्लीला न्यावं तर रस्त्यातच पाय संपला असता. अशा पायाला पाच-सहा तास मिळतात आणि त्यातले बरेचसे बगरूहून येण्यात गेले होते. रक्त पातळ ठेवणारं हेपारिन होतं, ते मी लगेच चालू करू शकत होते. पण हेपारिन गुठळी वाढू देत नाही, एवढंच. असलेली गुठळी ते विरघळवत नाही.

विरघळवणारं औषध होतं स्ट्रेप्टोकायनेज. आम्ही नुसतं स्ट्रेप्टो म्हणायचो. आपल्या रक्तात गुठळी विरघळवणारा एक पदार्थ आधीपासून असतो, पण झोपलेला. स्ट्रेप्टो त्याला उठवतं. गंमत अशी की हे औषध ज्या जंतूपासून काढतात, तो घसा धरवणाऱ्या जंतूंच्याच कुळातला. म्हणजे ज्याने केसरची झडप बिघडवली त्याच्याकडूनच तिचा पाय सोडवून घ्यायचा. मला हे फार आवडलेलं होतं. न्याय असावा तर असा.

आणि आमच्या फ्रीजमध्ये स्ट्रेप्टोच्या चार बाटल्या होत्या.

“त्यांचं नावही काढू नका,” भार्गवसाहेब म्हणाले. मी अजून बोललेही नव्हते. “ते शेठजींचं औषध आहे.”

शेठजी म्हणजे आमच्या ट्रस्टचे मुख्य. जोहरी बाजारात पेढी. त्या हिवाळ्यात मुंबईला गेले असताना त्यांना हार्ट अटॅक आला होता. तिथे स्ट्रेप्टो देऊन त्यांना वाचवलं. घरी परतल्यावर मुलांनी बाहेरून आणखी चार बाटल्या मागवल्या आणि पुन्हा अटॅक आला तर हाताशी असाव्यात म्हणून आमच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. वर कागद चिकटवून शेठजींचं नाव लिहिलं. फ्रीज उघडताना वॉर्डबॉयसुद्धा जरा अदबीने उघडायचे.

“साहेब, त्या औषधाचा शेठजींना काही उपयोग नाही,” मी म्हटलं. “तुम्हालाही माहीत आहे.”

त्यांना माहीत होतं. स्ट्रेप्टो एकदा दिलं की शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि त्याच्याविरुद्ध फौज तयार करतं. निदान वर्षभर तरी ते परत देऊन फायदा नाही. औषध वाटेतच मारलं जातं, आणि वर जोराची अ‍ॅलर्जी येऊ शकते. म्हणजे त्या फ्रीजमधलं औषध जयपुरात ज्या एका माणसाला चालणार नव्हतं, त्याचंच नाव त्यावर होतं.

“हे शेठजींना सांगणार कोण?” साहेब म्हणाले. “तुम्ही काय, नवऱ्याची बदली झाली की दोन वर्षांत निघून जाल. मला इथे राहायचंय.”

“म्हणून तर तुम्ही फोन करू नका. मी करते.”

“आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर? पाय गेला तर बाई जगेल. या औषधाने बाई जाईल. मग कुणाच्या नावावर मांडायचं?”

हा प्रश्न मात्र खरा होता आणि मी त्याला हसण्यावारी नेलं नाही. स्ट्रेप्टोला चांगली गुठळी, वाईट गुठळी कळत नाही. जिथे जिथे रक्त गोठून जखम बंद झालेली असेल ती ती जागा ते उघडतं. केसरच्या हृदयातली उरलेली गुठळी सुटून मेंदूत जाण्याचीही भीती होती. आणि लहानपणापासून त्या जंतूशी झगडलेल्या शरीरात फौज आधीच असू शकते. तसं असेल तर औषध चालणारच नाही. मी हे सगळं मनात धरून केसरकडे गेले. कारण या सगळ्या चर्चेत पाय जिचा होता तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी तिला सरळ सांगितलं. “कापला तर जीव बहुधा वाचेल, पाय जाईल. औषध दिलं तर पाय वाचेल कदाचित. पण जीवही जाऊ शकतो. लकवा होऊ शकतो. तू सांग.”

ती रडायची थांबली. “हौदात उतरून कपडा तुडवावा लागतो, डाक्टरणीजी,” ती म्हणाली. “एका पायावर उभं राहून तुडवता येतो का?”

“नाही.”

“मग दवा द्या.”

रामकिशन काही बोलायला लागला, तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

“सुई दिली का कुणी आज?” मी त्याला विचारलं. हा स्ट्रेप्टोच्या आधीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आपल्याकडे माणूस सुई टोचल्याशिवाय बरा होतच नाही. पण स्नायूत टोचलेल्या जागी आत बारीकसं रक्त साकळलेलं असतं आणि हे औषध दिलं की तिथून ते वाहायला लागतं.

“बगरूला कंपाउंडरने दिली. दंडात.”

मी मनातल्या मनात त्या कंपाउंडरचा उद्धार केला. तरी दंडात दिली हे नशीब. दंड दाबून धरता येतो, कमरेत दिली असती तर काय दाबणार होते?

मग शेठजींना फोन. पेढीवरच होते. मी कोण ते सांगितलं, बाईबद्दल सांगितलं, बाटल्या वापरते आहे हे सांगितलं.

“मेरी दवा?” ते म्हणाले. आवाज शांत होता.

“तुमच्या नावाची आहे, पण ती तुम्हाला आता चालणार नाही, शेठजी. मुंबईला एकदा दिलेली आहे. वर्षभर तरी परत देता येत नाही.”

“डॉक्टर लोग सब अलग-अलग बोलते हैं. कौन है वो औरत?”

“बगरूची छपाईवाली आहे.”

“हाथ मत लगाना,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

भार्गवसाहेब शेजारीच उभे होते. “झालं? नाही म्हणाले ना? मिळाली परवानगी?”

“मी परवानगी मागायला फोन केला नव्हता, साहेब. सांगायला केला होता. सांगून झालं.”

“मी माझा विरोध केसपेपरवर लिहून ठेवतो.”

“लिहा. आणि जरा वाचता येईल असं लिहा.”

फ्रीजची किल्ली सिस्टर अम्मिणींच्या कमरेला असायची. मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली नाही. फ्रीज उघडला, दार उघडंच ठेवलं आणि म्हणाल्या, “मी पाणी पिऊन येते.” मी चारही बाटल्या काढल्या. परत आल्यावर त्यांनी रिकामा कप्पा बघितला, दार लावलं आणि सलाईन लटकवायला आल्या.

आधी अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन शिरेतून. मग स्ट्रेप्टोचा पहिला मोठा डोस, तो ही फौज मोडून काढण्यासाठी. त्यानंतर थेंब थेंब. दंडाला जाड पॅड लावून घट्ट बांधलं आणि रामकिशनला म्हटलं, “इथे दाबून धर. मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही.” आयुष्यभर ठसे आपटलेला हात तो, चांगला भक्कम. त्याने दाबून धरलं. मी वॉर्डभर सांगून टाकलं की या बाईला कुणी सुई टोचायची नाही, नाकात नळी घालायची नाही, दात घासायला ब्रशसुद्धा द्यायचा नाही. ज्याला टोचायची हौस असेल त्याने माझ्याकडे यावं.

पहिल्यांदा थंडी वाजून ताप आला. ते या औषधाचं नेहमीचंच. मग दिवेलागणीच्या सुमारास पॅडच्या खालून दंड सुजायला लागला. जांभळा, टणटणीत. हा रंग मात्र निळीचा नव्हता. हिरड्यांतूनही थोडं रक्त आलं. भार्गवसाहेब राउंडला आले, दंड बघितला आणि म्हणाले, “बंद करा. आता हातही घालवाल.”

पाय तसाच गार होता. औषध निम्म्याहून जास्त गेलं होतं आणि फरक काही नाही. रंग बघून काही कळायची सोय नव्हती, कारण पाय निळाच. एरवी पाय गुलाबी व्हायला लागला की समजतं. इथे आम्ही दर थोड्या वेळाने कडं सरकवून त्या बोटभर पट्ट्याकडे बघत होतो. तो पांढराच. अंगठा मात्र अजून जरासा हलत होता, म्हणजे कुठूनतरी थोडं रक्त झिरपत असावं.

आधीच शिरेत लावून ठेवलेल्या दुसऱ्या सुईतून मी काचेच्या नळीत तिचं थोडं रक्त घेतलं आणि नळी मुठीत धरून बसले. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची ही जुनी पद्धत. मुठीची ऊब लागते, मधून मधून नळी तिरकी करायची. रक्त बराच वेळ पातळ राहिलं. म्हणजे औषध काम करत होतं. फौज हरली होती. केसरचं बोलणं नीट होतं, डोकं दुखत नव्हतं, दोन्ही हातांची पकड सारखी होती. म्हणजे मेंदू ठीक.

“चालू ठेवणार,” मी म्हटलं.

“हा हट्ट आहे, मॅडम.”

“आहे.”

ते गेले. जाताना सिस्टरला सांगून गेले की थिएटर तयार ठेवा. मी नवऱ्याला निरोप धाडला की जेवून घ्या, मी येत नाही. त्याला सवय होती. रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही, कुणाचीच चांगली गेली नाही.

सकाळी चहा वाटायला आले होते तेव्हा केसर किंचाळली. साधीसुधी नाही. अख्खा वॉर्ड उठून बसला. “मार डाला रे! इस डाक्टरणी ने मार डाला!” पायात इंगळ्या चावताहेत म्हणाली. मला, माझ्या आईबापाला, मला शिकवणाऱ्यांना, सगळ्यांना तिने शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या मला कळल्या नाहीत, पण सूर कळत होता.

मी पायाला हात लावला. कोमट. पायाच्या वरच्या बाजूला बोटं टेकवली आणि श्वास धरून थांबले. लागली. बारीक, बेताल, तिच्या हृदयासारखीच वेडीवाकडी, पण नाडी होती. उपाशी स्नायूंना रक्त परत मिळालं की ते असेच बोंबलतात. एवढ्या शिव्या खाऊन मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसून रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. रामकिशन अजून दंड दाबून उभा होता. त्याला सोड म्हणायचं मी विसरलेच होते.

किंचाळी ऐकून भार्गवसाहेब धावत आले. मी बाजूला झाले. त्यांनी नाडी बघितली. दुसऱ्यांदा बघितली. मग कडं सरकवलं. खालचा पट्टा गुलाबी झाला होता. त्यांनी थिएटरमध्ये निरोप पाठवून टेबल मोकळं करायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शेठजींनी मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात काठी. मला बसा म्हणाले नाहीत. मी बसले.

“तुम्ही माझं औषध एका छीपणीला, कापड छापणारीला दिलंत.”

“हो.”

“मी नाही म्हटलं होतं.”

“हो.”

“मला त्या दिवशी काही झालं असतं तर?”

“तर आम्ही दुसरे उपाय केले असते. त्या बाटल्यांनी काही झालं नसतं. झालंच असतं तर अ‍ॅलर्जी.”

ते भार्गवसाहेबांकडे वळले. “ही खरं बोलते?”

साहेब टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मला वाटलं आता हा माणूस माझा बळी देणार. पण ते म्हणाले, “खरं आहे, शेठजी. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.” त्यांना हे म्हणणं किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा मान ठेवला. भांडले पुढेही पुष्कळ.

शेठजी मला म्हणाले, “लेखी माफी द्या. विषय संपेल.”

“माफी नाही देणार, शेठजी. उद्या असा पेशंट आला आणि फ्रीजमध्ये बाटली असली तर मी परत हेच करणार आहे. माफी मागून ते कसं करू?”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

ती गेली नाही. माझ्या प्रेमापोटी नव्हे. त्यांना दुसरी फिजिशियन मिळत नव्हती.

केसरचा पाय वाचला, पण पूर्ण नाही. करंगळी मात्र खरोखर काळी पडली. ती पुढे भार्गवसाहेबांनी काढली आणि फार सुबक काढली. त्याचा फिटनेस मी दिला. दंडावरची सूज उतरायला बरेच दिवस लागले. नीळही हळूहळूच गेली. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू केली आणि झडपेच्या ऑपरेशनसाठी तिला दिल्लीला जायची चिठ्ठी दिली.

घरी सोडलं त्या दिवशी वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला. नियम होता, पायाचं ऑपरेशन झालेला पेशंट दारापर्यंत ट्रॉलीवरून न्यायचा. केसरने ट्रॉलीला हात लावू दिला नाही. घुंगट ओढला, रामकिशनचा खांदा धरला आणि लंगडत चालायला लागली. मी आणि सिस्टर अम्मिणी मागून.

व्हरांड्यात बाकावर शेठजी बसले होते. दर आठवड्याला ते ईसीजी काढायला यायचे. काठी बाजूला, पाय रस्त्यात लांब पसरलेले. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. सिस्टर आधीच थबकल्या. केसरला हे कोण ते माहीत नव्हतं. तिला वळसा घालणं जमणारही नव्हतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“भाईसा,” ती म्हणाली, “जरा पाँव समेटो. मुझे जाना है.”

शेठजींनी वर बघितलं. मग तिच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे. मग माझ्याकडे. त्यांनी पाय आत घेतले आणि ती गेली.

धडा म्हणाल तर एवढाच. पाय कापायचं ठरायला अर्धा तासही लागला नव्हता. वाचवायचं म्हटल्यावर मात्र सगळ्यांना परवानगी आठवली. पुढे आमच्या आणखी बदल्या झाल्या, मी आणखी हॉस्पिटलं पाहिली. कापायला निघालेल्याला मी अजूनही प्रश्न विचारून भंडावून सोडते. वाचवताना मात्र पेशंटशिवाय कुणाला विचारत नाही, सांगते.